दगडाला पाणी

१३ जानेवारी १९८५, रविवार

आलो बाई एकदाचे जयपूरला! ही डायरी रेल्वेची, गेल्या वर्षीची, ह्यांच्या ऑफिसात कोरी पडलेली. तारखा खोडून मी माझ्या घालणार आहे. हे, म्हणजे आमचे जनार्दनराव, म्हणाले की तुझी दिवसभराची बडबड ऐकायला इथे मराठी माणूस कुठून आणू, त्यापेक्षा हिच्याशी बोल. बरं तर बरं. मी द्वारका तायडे, मुक्काम भुसावळ, हल्ली जयपूर. बोलते.

स्टेशनबाहेर आलो तर आभाळभर पतंग! उद्या संक्रांत, आणि इथे ती म्हणे गच्चीवर करतात. विभा टांग्यात मान वर करूनच बसली होती. सात वर्षांची पोर, तिला वाटलं हा सगळा थाट तिच्यासाठीच. चांदपोलच्या दरवाज्यापर्यंत पोचेस्तोवर ‘वो काटा’ एवढं हिंदी तिचं पक्कं झालं.

रेल्वेच्या क्वार्टरला दीड वर्षाची रांग आहे, म्हणून भाड्याचं घर. मूर्तिकारांची गल्ली, तळमजला. रस्त्याकडे एक मोठी खोली, मागे एक, आणि कडेला चूल-मोरी. वर मालकीणबाई राहतात. गल्लीत दोन्ही बाजूंना पांढरे देव उभे. कुणाला नाक नाही, कुणाचा हात यायचाय. सकाळपासून छिन्नीची टकटक. मला तर आवडली. इंजिनांच्या शिट्ट्यांत वाढलेली मी, सामसूम घर मला सोसत नाही.

१६ जानेवारी

हे घर कसं मिळालं ते आज ह्यांनी सांगितलं. दोन महिने एकटेच हिंडत होते. अकरा घरं पाहिली. खिडक्या, ऊन, चोवीस तास पाणी, सगळं झकास. मग पूर्ण नाव विचारायचे. तायडे म्हटल्यावर इथे कुणाला काही उमगत नाही, म्हणून पुढचा प्रश्न थेट. उत्तर ऐकलं की घर कालच दुसऱ्याला दिलेलं असायचं. आमचे हे सरळ, खोटं बोलणं जमत नाही. मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

ह्या मालकीणबाईंनीही विचारलंच. पण त्यांची खोली दोन वर्षं रिकामी, म्हणून अटींवर दिली. अंगणातल्या नळाला सकाळी तासभर पाणी येतं ते आमचं. जास्त लागलं तर त्या गच्चीवरच्या टाकीतलं देतील, पण आपल्या हाताने. मी खाली बादली ठेवायची, त्या पायरीवरून ओतणार. टाकीला हात लावायचा नाही.

ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. माझी आजी रिकामी घागर घेऊन विहिरीच्या काठाशी बसून राहायची, कुणी ओतेल का म्हणून. ती मला गोष्टच वाटायची. हे म्हणाले, क्वार्टर मिळेपर्यंत कळ काढ. काढते. दुसरं करणार काय?

पुढची खोली पूर्वी कारखाना होती. भिंतीवरून हात फिरवला की तळवा पांढरा. तीनदा पुसून काढली, तरी तेच.

१० फेब्रुवारी

आज मी खूश आहे! गावाहून आप्पासाहेबांचं पत्र आलं. ते आमच्या विहाराचं सगळं बघतात. बुद्धमूर्ती हवी, तीन फुटी, संगमरवरी, चार मेच्या पौर्णिमेच्या आत. जनार्दन जयपुरातच आहे म्हटल्यावर दुसऱ्याला कशाला सांगायचं, असं लिहिलंय.

मूर्तिकारही घरबसल्या मिळाला. सूंडाराम. पूर्वी ह्याच खोलीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचा. आता खोकतो म्हणून कुणी काम देत नाही. हात मात्र असा की दगडाला वाटावं आपल्याला कुणी लाडाने कुरवाळतंय. त्याला बसायला जागा नव्हती, मी म्हटलं इथेच बस. बुद्ध माझ्या घरात घडणार, ह्याहून काय पाहिजे?

मला तो साठीचा वाटला. बेचाळीस म्हणाला. दहाव्या वर्षी खाणीत गेला, तेव्हापासून दगडच. दहा हात मारले की टेकतो, छातीवर हात ठेवतो आणि कुणाची तरी वाट पाहिल्यासारखा श्वासाची वाट पाहतो. विभा त्याला बाबा म्हणते.

२४ फेब्रुवारी

सूंडाराम रोज बादलीभर पाणी मागतो. दगड ओला ठेवून घासला की पूड उडत नाही, खाली बसते. मग कारखान्यात असं का करत नाहीत, मी विचारलं. तर म्हणाला, ओल्या दगडावर पेन्सिलीची रेघ टिकत नाही, हात सावकाश चालवावा लागतो. ठेकेदाराला घाई असते. त्यामुळे सगळे कोरडंच घासतात. त्याच्या बरोबरीचे सहाजण ह्या खोलीत बसायचे. आता तो एकटा उरला. हे सगळं तो गावातल्या पावसापाण्याबद्दल सांगावं तसं सांगतो.

विभा त्याच्याशेजारी तांब्या घेऊन बसते आणि तो घासेल तसं थेंब थेंब ओतते. शाळेतून आली की पाटी फेकून तिकडेच. तिच्या कामाचा तिला भारी तोरा.

२३ मार्च

काय हे ऊन! नळ अर्ध्या तासावर आला. एक बादली आणि एक कळशी, त्यात तिघांचं सगळं. मालकीणबाईंपुढे बादली ठेवून आज वीस मिनिटं उभी होते. ओतलं, पण पायरीवरून असं की अर्धं माझ्या पायांवर. पाय धुऊन दिले म्हणायचं!

त्या रागातच आत आले तर सूंडाराम बादली मागायला दारात. मी म्हटलं, आज आम्हालाच पुरत नाही. तो जी बाईजी म्हणाला, फेट्याचं टोक तोंडावर बांधलं आणि कोरडंच घासायला बसला. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

२८ मार्च

तो आता मागत नाही. घरभर पूड. भाकरीत कचकच, गादीवर हात फिरवला तर पीठ. विभा आपल्या प्यायच्या पाण्यातला तांब्या चोरून त्याला देत होती. मी पाहिलं आणि एक ठेवून दिली. तिने तांब्या पोटाशी घट्ट धरला. त्यानेही पाहिलं. कानस थांबवली, मग पुन्हा चालू केली.

९ एप्रिल

ह्यांनी सूंडारामला दवाखान्यात नेलं. टीबीच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन खेपांनी काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, दूध-अंडी खा, आराम करा, हवेशीर घरात राहा. आल्यावर ते सांगताना तो इतका हसला की हसताहसता खोकला लागला आणि खोकताखोकता फेट्याला रक्त.

मूर्तीचा चेहरा तेवढा राहिलाय. हे म्हणाले, पंधरा दिवस गावी जा, बायकोजवळ राहा, मूर्ती पुढच्या वर्षी नेऊ. मी मधे बोलले. म्हटलं, पौर्णिमा तोंडावर आलीय, आप्पासाहेबांना काय सांगायचं? तो बसला घासायला.

१८ एप्रिल

सूंडाराम गेला.

परवा बसने गावी गेला, दोन दिवसांत येतो म्हणून. जाताना मूर्तीच्या तोंडावर ओलं फडकं टाकून गेला. ते पाणी त्याने कुठून आणलं कोण जाणे. आज त्याची बायको धापू आणि तिचा भाऊ आले होते. धापूने रडून सांगितलं, शेवटी पाणी पाणी करत होता, पण घोट उतरत नव्हता. हत्यारं न्यायला आलात का, मी विचारलं. नको म्हणाली. काम माझंच आहे, दुसऱ्याला हात लावू देऊ नका, मी पुरं करीन, असं तो बोलून गेलाय.

मी तिला चहा दिला. पाणी आधी द्यायचं असतं, तेसुद्धा मला सुचलं नाही.

२० एप्रिल

आज अमावस्या. अमावस्येला इथले कारागीर हत्याराला हात लावत नाहीत. हत्यारं धुतात, पुजतात, ठेवून देतात. गल्लीत टकटक नाही. महिन्यातून ह्या एकाच दिवशी इतकं शांत. टळटळीत दुपार, हे ड्यूटीवर, विभा माझ्याजवळ झोपलेली.

पुढच्या खोलीत कानस चालत होती.

मी भूतबित मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नाही. वाटलं, उंदीर असेल. दार उघडलं तर थांबलं. आत कुणी नव्हतं. फडकं खाली पडलेलं, वाळून कडक. आणि मूर्तीचं कपाळ, परवापर्यंत खडबडीत होतं ते, गुळगुळीत. पायाशी ताजी पूड. बोट लावलं, तर उबदार.

हात उन्हाने गरम असेल. दगडही उन्हानेच. असं आता लिहिते आहे.

२२ एप्रिल

नाक झालं. हे म्हणतात आधीच झालेलं असेल, तुझ्या लक्षात नसेल. मी भात झाकून ठेवला होता, झाकण काढलं तर वर पांढरा थर.

विभा खोकते आहे. कोरडा खोकला. सूंडाराम टेकायचा तशी टेकते, छातीवर हात ठेवून.

२४ एप्रिल

विभाला विचारलं, पुढच्या खोलीत गेली होतीस का. म्हणाली, जात नाही, बाबा दारातच उभे असतात. काय म्हणतात? काही नाही म्हणत आई, नुसता तांब्या दाखवतात.

मी तिला उचलून मागच्या अंगणात नेलं. हलकी लागली. आठवड्यापूर्वी कडेवर घेतली तर माझी कंबर जायची.

२५ एप्रिल

छातीचा फोटो काढला. डॉक्टर बराच वेळ उजेडाला धरून बघत राहिले, मग कंपाउंडरवर खेकसले की फोटोंची अदलाबदल केलीस. आमच्यासमोर दुसरा काढला. तो पण तसाच.

ह्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांनी सांगितलं, ही छाती तीस वर्षं दगड घासलेल्या माणसाची आहे. सात वर्षांच्या मुलीची असूच शकत नाही. तुम्ही कुठे राहता?

आम्ही सांगितलं. मग ते म्हणाले, हवेशीर घर घ्या. मला तिथेच हसू फुटलं. थांबेना. हे माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आले. तो कसा हसला असेल ते मला आज कळलं.

२७ एप्रिल

कालपासून हे घर शोधताहेत. पाच ठिकाणी गेले. पूर्ण नाव. मग थेट प्रश्न. पाचही घरं कालच दिलेली.

शेवटी रात्र वेटिंग रूममध्ये काढली. तिथे मोकळी हवा, वर पंखा. विभाचा खोकला तोच. सकाळी तिच्या उशीवर, तोंड होतं तिथे, पांढरी भुकटी. तिच्या श्वासातून पडलेली. मी पदराने पुसली, कुणी पाहायच्या आत.

घर सुटून उपयोग नाही. ते तिच्या आत आलंय.

२८ एप्रिल

मूर्ती बाहेर काढू म्हटलं. चार हमाल आणले. त्यांनी उचलली, उंबऱ्यापर्यंत आली, आणि विभाचा श्वास अडकला. ओठ निळे. मी ओरडले, ठेवा, ठेवा मागे. ठेवली. मग आला श्वास, शिट्टी वाजावी तसा.

ओठ झालेत आता. थोडं हसू आहे त्यांत. फार सुंदर केलंय. त्याच्या हाताला तोड नाही.

२९ एप्रिल

सापडलं. मला सापडलं.

दुपारी कानस सुरू झाली, विभा तडफडायला लागली. माझं डोकं फिरलं. सकाळची भरलेली बादली घेऊन मी खोलीत गेले आणि मूर्तीच्या तोंडावर धार धरली. आवाज बदलला. कोरडी खरखर गेली, ओला घास-घास आला, हळू. आणि आतून विभाने हाक मारली. मोकळी. किती दिवसांनी!

त्याला पाणीच पाहिजे होतं. बादलीभर. मी नाही म्हटलं होतं.

मी बोलले त्याच्याशी. दिसत नव्हता तरी बोलले. म्हटलं, सूंडाराम, चुकलं माझं. मी पाणी घालते, तू काम पुरं कर, माझ्या पोरीच्या छातीतून ऊठ. फक्त डोळे राहिलेत. दोन डोळे.

३० एप्रिल

धार सावकाश धरायची. बादली तासभर पुरते. उजेड असेपर्यंत तो थांबत नाही. पाणी संपलं की कोरडं सुरू, की विभा—

नळ आज पाव तास. आम्ही पाणी पीत नाही आहोत. हे स्टेशनवरून दोन कॅन आणतात, येताजाताच तास जातो.

१ मे

नळ आला नाही.

मालकीणबाईंपुढे बादली ठेवली. पाया पडले. मी, द्वारका तायडे, पाया पडले. सांगितलं, पोरगी मरतेय. त्यांनी वरूनच सांगितलं, आज आम्हालाच पुरत नाही.

माझेच शब्द. माझ्याच आवाजात ऐकू आले.

वर टाकी भरलेली आहे. काठावर चिमण्या पाणी पितात, ते खालून दिसतं.

२ मे

डावा डोळा झाला. अर्धा मिटलेला, शांत.

उजवा राहिला. आणि पाण्याचा थेंब नाही. हे पहाटेच हातगाडीवर ड्रम आणायला स्टेशनवर गेलेत—

विभाची नखं निळी.

मी वर गेले. दार लोटून गेले. टाकीचं अर्धवट सरकलेलं झाकण काढलं, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, बादली बुडवली. काय गार पाणी! आजी आठवली. तीन बादल्या आणल्या. चौथ्या खेपेला मालकीणबाई जिन्यात. त्यांचं ओरडणं सगळ्या गल्लीने ऐकलं. ऐकू दे.

तीन बादल्या. उजवा डोळा अर्धा झाला. विभा उठून बसली. पेज प्यायली. आणखी चार बादल्या, बस. टाकीत तर शंभर आहेत. सकाळी पुन्हा जाईन. मारलं तरी जाईन.

३ मे

सकाळी वर धो धो आवाज. वाटलं पाऊस. मेमध्ये पाऊस?

टाकी रिकामी करताहेत. मी हात लावला म्हणून. घासून धुणार, गंगाजल टाकणार, मग भरणार. सगळं पाणी मागच्या पन्हाळीतून गटारात. मी बादली घेऊन धावले, पन्हाळीखाली धरली. वरून नोकराने पन्हाळ फिरवली, पलीकडे. माझ्या डोळ्यांसमोर. गटार दुथडी वाहतंय.

अर्धी बादली मिळाली. लुगडं गटारात बुडवून पिळलं, तेही घातलं.

नळ उद्या. काल ह्यांना ड्रम मिळाला नाही, आज पहाटे पुन्हा गेले, अजून नाहीत. ड्रम घेऊन—

थेंब थेंब ओततेय. एका हाताने लिहितेय. लिहिलं नाही तर मी—

पापणी राहिली. एक रेघ. एवढीशी. सूंडाराम, हळू. बाबा, हळू रे. उद्या कर ती. उद्या पाणी—

तांब्याच्या तळाशी घोटभर.

विभाने मागितलं. प्यायला. आई, पाणी. ती मागतेय आणि कानस कोरडी पडायला लागलीय. कुणाला देऊ, दगडाला की—

तिला पाजलं. तिने नुसतं तोंडात धरलंय. घोट उतरत नाही—

बाहेर हातगाडीचा आवाज. हे असतील. ड्रम असेल. आले, आले गं विभा, एक श्वास धर, फक्त ए—